भैरवीचा अंतरा

“आपण प्रेम की युद्ध?”

सातारच्या स्टँडवर एस.टी.तून उतरणाऱ्या माझ्या आईला मेजर पिसाळांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. नमस्कार नाही, प्रवास कसा झाला नाही. आई पायरीवर, तिच्यामागं दारात मी, माझ्या कवेत तंबोरा, आणि माझ्यामागं खोळंबलेली सगळी गाडी आमचा उद्धार करतेय. आईनं त्या पिळदार मिशांच्या गृहस्थांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“मी गाणारी,” ती म्हणाली. “सांगलीहून आलेय.”

“म्हणजे प्रेम!” मेजर खूश झाले. “शकुंतलाबाई ओगले. या, या. युद्ध दुपारच्या गाडीनं येतंय.”

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा नुकती बी.ए. होऊन घरी बसले होते आणि आईच्या मागं तंबोरा धरत होते. आम्हाला बोलावलं होतं नादवेल संगीत मंडळानं. मंडळ जुनं, पण बिनघराचं. पूर्वी एका शाळेच्या हॉलमध्ये बैठका होत. शाळेनं हॉल काढून घेतला आणि मंडळ बुडणार, तेवढ्यात फौजेतून नुकतेच निवृत्त झालेले मेजर पिसाळ पुढं आले. सदर बझारातल्या आपल्या बंगल्याचा दिवाणखाना देतो म्हणाले. अट एकच. ते अध्यक्ष होणार आणि वर्षभराच्या बैठकांना एक विषय असणार.

“नुसतं आलं, गायलं, वडा खाल्ला आणि गेलं, याला काय अर्थ आहे?” जीप चालवता चालवता मेजर आम्हाला समजावत होते. “फौजेत साधी कवायत असली तरी तिचा उद्देश ठरलेला असतो. म्हणून मी विषय दिला, प्रेम आणि युद्ध. एक बैठक प्रेमाची, एक युद्धाची. आज शेवटची, दोन्ही एकत्र.”

मागच्या सीटवर माझ्याशेजारी मंडळाचे चिटणीस आंबेकरसर बसले होते. गणिताचे निवृत्त मास्तर, पेटी उत्तम वाजवत. त्यांनी माझ्या कानाशी लागून वर्षभराची हकीकत सांगितली. कुठला राग प्रेमाचा आणि कुठला युद्धाचा, यावर म्हणे कार्यकारिणीच्या तीन सभा झाल्या. शंकरा आणि अडाणा बिनविरोध युद्धात गेले. मालकंसावर मतदान घ्यावं लागलं, मतं समसमान पडली आणि तो तटस्थ ठरला. एका बासरीवाल्याला प्रेमाच्या तारखा शिल्लक नव्हत्या म्हणून युद्धात बसवलं. त्यानं पहाडी वाजवला. मेजरांनी खुलासा मागितला, तर म्हणाला, हे डोंगरातलं युद्ध आहे. मेजरांना ते पटलं.

“आणि दाद शिट्टी वाजल्यावरच द्यायची,” आंबेकरसर कळवळून म्हणाले. “ताई, समेवर मान हलवली तरी बघतात हो!”

मला हसू आवरेना. मी पुढं वाकून विचारलं, “मेजरसाहेब, युद्ध म्हणजे कोण?”

“बेळगावचे दिगंबरबुवा रेठरेकर. मानी माणूस, कुठं जात नाहीत म्हणे. मी एक फौजी पत्र टाकलं आणि आले बघा!”

माझं हसू जिथल्या तिथं राहिलं. दिगंबरबुवा रेठरेकर माझे वडील.

माझ्या आईबाबांचा संसार एका गंधारावरून मोडला असं गाण्यातले लोक सांगतात. दोघं एकाच गुरुजींचे शिष्य. एका रागातला गंधार किती उतरा लावायचा यावरून सकाळच्या चहाला वाद सुरू झाला तो जेवणं झाली तरी संपेना, आणि शेवटी बाबा वळकटी उचलून बेळगावला गेले ते गेलेच. एवढ्यावरून कोणी घर सोडत नाही हे मलाही कळतं. दोघंही गाण्यात कोणाला हार जायची नाहीत, आणि घरात रोज कोणीतरी हरावंच लागतं. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. आईनं घर बदललं आणि माहेरचं आडनाव पुन्हा लावलं, त्यामुळं मेजरांना बिचाऱ्यांना काही पत्ताच नव्हता.

बाबांची मला आठवण होती ती मुख्यतः आवाजाची. रेडिओवर त्यांचं नाव आलं की आई बटण पिळायची. मग मी शेजारच्या मगदूमकाकूंकडं पळायचे आणि त्यांच्या रेडिओला कान लावून बसायचे. गेली दोन वर्षं तेही बंद होतं. बुवांना गर्व झालाय, बोलावणी परत करतात, असं कानावर यायचं. मला फार नको होतं. एकदा समोर बसून बाबांचं गाणं ऐकायचं होतं, बस्स. आणि आता ते आठ-दहा हातांवर आलं होतं आणि आई कुठल्याही क्षणी जीप मागं फिरवायला सांगणार, याची मला खात्री होती.

“बरं,” आई म्हणाली. “जेवायला काय केलंय?”



बाबा आले ते भर मार्चच्या उन्हात गळ्याला मफलर गुंडाळून. केस पांढरे झाले होते. मला बघून थबकले, डोक्यावर हात ठेवला आणि हळू म्हणाले, “शरू, केवढी झालीस!” एवढंच. फार हळू बोलत होते.

“दारूगोळा राखून ठेवतायत,” मेजर माझ्याकडं बघून डोळे मिचकावत म्हणाले. मग ते बाबांना मोठ्या रुबाबात आईसमोर घेऊन गेले. “बुवा, ह्या शकुंतलाबाई. आपली ओळख असेलच?”

“एका गुरूचे शिष्य आहोत,” बाबा म्हणाले.

“आणि एका मुलीचे आईबाप,” आई म्हणाली.

मेजरांच्या हातातली छडी खाली पडली. माझ्याकडं, मग आईकडं, मग बाबांकडं बघून त्यांनी हाकच मारली, “आंबेकर! हे आपल्याला माहीत होतं?”

“सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे,” आंबेकरसर म्हणाले. “मला वाटलं, तुम्ही मुद्दाम योजलंय. विषयाला धरून.”

मेजर दोन येरझाऱ्या घालून परत आले, आणि खरं सांगते, त्यांचा चेहरा उजळला होता. इतकं विषयाला धरून फौजेतसुद्धा काही घडलं नसेल.

खरा पेच पुढंच होता. आधी कोण गाणार? आमच्याकडं मोठा कलावंत शेवटी गातो. आधी गायचं म्हणजे आपलं धाकटेपण चारचौघांत कबूल करायचं. या एका प्रश्नावरून बैठका मोडलेल्या मी पाहिल्या होत्या. आंबेकरसर घामाघूम होऊन आईकडं आले. काही बोलायच्या आत आईच म्हणाली, “मी आधी गाते.”

आंबेकरसरांनी खाली वाकून तिला नमस्कार केला. मी मात्र चक्रावले. जन्मात कधी आधी न गायलेली बाई. तंबोरा जुळवताना मी म्हटलं, “आई, बाबांसाठी?”

“खुंटी पीळ नीट,” ती म्हणाली. “पंचम उतरलाय.”

बाहेर ओसरीवर बाबा एकटे बसले होते. मी जाऊन विचारलं, “बाबा, आज काय गाणार?”

“बघू,” ते म्हणाले. “तुझी आई काय शिल्लक ठेवते त्यावर.”

संध्याकाळी दिवाणखाना भरला. डाव्या हाताला प्रेमवाले, उजव्या हाताला युद्धवाले, अशी मेजरांची बैठकव्यवस्था होती. नवराबायको आलेले बहुतेक वेगवेगळ्या बाजूंना बसले होते. त्यात कोणाला काही वावगं वाटलेलं दिसलं नाही. मेजरांनी छडीनं भिंतीवरच्या नकाशावर कुठल्याशा खिंडीतली चढाई समजावून सांगितली आणि शिट्टी वाजवली. आईनं पूरिया धनाश्री सुरू केला.

ती त्या दिवशी फार चांगली गायली. मागं बसून मी तिचं गाणं हजार वेळा ऐकलंय, तरी सांगते. तबल्याला सातारचेच इस्माईल मुजावर होते. त्यांनी तर मेजरांच्या देखत, शिट्टीची वाट न बघता “क्या बात है” म्हटलं. राग संपला. आता मध्यंतर, वडे, चहा, आणि मग बाबा. मी मनातल्या मनात मिनिटं मोजायला लागले होते.

आईनं डोळे मिटले आणि भैरवी सुरू केली.

आंबेकरसरांची बोटं पेटीवर अडखळली. इस्माईलभाईंनी वळून माझ्याकडं बघितलं, जणू मलाच काही ठाऊक होतं. सगळ्या दिवाणखान्यात एक कुजबूज पसरली. ज्यांना गाण्यातलं काही कळत नाही त्यांनाही एवढं कळतं, की भैरवी झाली म्हणजे बैठक संपली. भैरवीनंतर कोणी गात नाही. कितीही मोठा गवई असो, भैरवीनंतर तो चपला शोधतो. आईनं पहिल्याच भागात भैरवी म्हणून बाबांचं गाणं जागच्या जागी कापून टाकलं होतं. आधी गायला ती कशी तयार झाली ते मला आत्ता कळलं, आणि तिचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

बंदिशीचं नुसतं ध्रुपद दोनदा घोळवून तिनं समेवर सोडलं आणि हात जोडले. दोन्ही बाजूंची माणसं उठायला लागली.

“कुठं चालले सगळे?” मेजर ओरडले. “शिट्टी झालेली नाही!”

“मेजर, भैरवी झाली,” आंबेकरसर म्हणाले. “बैठक संपली.”

“संपली कशी? युद्ध बाकी आहे!”

“भैरवीनंतर कोणी गात नाही.”

“हुकूम कोणाचा?”

“हुकूम नाही हो. रीत आहे.”

“मग भैरवी रद्द करा!”

“भैरवी रद्द होत नाही, मेजर! ती झाली की झाली!”

एवढ्यात आतल्या दारातून आचाऱ्यानं मान बाहेर काढली. “सर, वडे सोडू का? तेल तापलंय.” हे वडे मध्यंतराचे होते. बैठक संपली असेल तर मध्यंतर कसलं, आणि मध्यंतर नसेल तर वडे कसले, यावर दारातच दोन तट पडले. एक युद्धवाले काका म्हणाले, वर्गणी दिलीय, वडे खाणारच. एक प्रेमवाल्या बाई म्हणाल्या, भैरवीच्या तोंडावर तळण नको, गालबोट लागतं.

या सगळ्या गोंधळात माझा हात चालूच होता. आईनं हात जोडले तरी मी तंबोरा थांबवला नव्हता. ठरवून म्हणाल तर नाही. बोटं थांबली की बाबांचं गाणं गेलं, एवढंच मला दिसत होतं.

आई वळली. “शरू, ठेव खाली.”

मी ठेवला नाही.

“ठेव म्हणते ना!”

“बाबांचं राहिलंय,” मी म्हटलं. आवाज माझाही चढला असावा, कारण दारातली माणसं थांबली. आईचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं, डाव फसला म्हणून.

“तंबोरा चालू आहे!” आंबेकरसर उभे राहून ओरडले. “तंबोरा चालू आहे म्हणजे बैठक संपलेली नाही! बसा, बसा सगळे!”

“आणि वडे?” आचारी म्हणाला.

“तेल उतरव!” मेजर गरजले.

ओसरीवरून बाबा आत आले. मफलर सोडून त्यांनी दारातल्या खुंटीला अडकवला, गादीवर आईपासून हातभर अंतरावर बसले आणि आंबेकरसरांना म्हणाले, “भैरवीनंतर काही गायचं नाही हे मला मान्य आहे. पण बाईंनी अंतरा म्हटलेला नाही. अंतरा बाकी असताना भैरवी झाली कशी?”

सगळे आंबेकरसरांकडं बघायला लागले. सरांनी गणित तपासल्यासारखा मनाशी विचार केला आणि म्हणाले, “बरोबर आहे. निम्मीच झाली.”

ती बंदिश त्यांच्या गुरुजींची होती आणि तिचा अंतरा अख्ख्या जगात दोघांनाच येत होता. ते दोघं आता एका गादीवर होते.

तंबोरा आईच्या पट्टीत लागलेला. बायकांच्या पट्टीत पुरुषानं गायचं म्हणजे एक तर तळाशी बसायचं, नाही तर माळ्यावर चढायचं. बाबांनी तळातला सा लावला, आणि मगदूमकाकूंच्या रेडिओतला तो आवाज माझ्यासमोर जिवंत झाला.  

पण अंतरा हा वर जाण्यासाठीच असतो. बाबा पायरी पायरीनं वर निघाले, वरचा सा आता लागणार, तोच आईनं मध्येच उडी घेऊन तो सा स्वतः लावला.

उजव्या बाजूनं “वा!” झालं. मेजर उभेच राहिले. “छापा! बाईंनी छापा घातला!”

“मेजर, बसा!” आंबेकरसर म्हणाले.

बाबांनी तिच्याकडं एकदा बघितलं आणि दुसऱ्या वाटेनं वर निघाले. निषादापर्यंत पोचले, पुन्हा आईनं पुढचं तोडून घेतलं. मग हेच सुरू झालं. बाबा खालून बांधत आणायचे आणि कळस चढवायच्या वेळी आई तो हातातून काढून घ्यायची. कधी ती आधी, कधी अगदी ऐन वेळी. लोक बेभान झाले होते. इतकी वर्षं साठलेलं भांडण आज आपल्यादेखत होतंय, आणि तेही सुरात, यापरतं वर्गणीचं सार्थक कुठलं? शिट्टी कोणाच्या ध्यानात राहिली नाही. “घेरलं, घेरलं!” म्हणत मेजर स्वतःच मांडीवर ठेका देत होते, तोही चुकीचा.

मी दोघांच्या मधोमध, हातभर मागं बसले होते. बाहेरच्यांना ऐकू जात नव्हतं ते मला तिथं ऐकू येत होतं. बाबा वर जायला लागले की त्यांच्या गळ्यात आधी काहीतरी खरडल्यासारखं व्हायचं. बारीकसं. त्यानंतरचा सूर फुटणार हे कोणीही सांगितलं असतं. आणि आई बरोबर तिथंच, तो फुटायच्या आत, तो सूर आपल्या गळ्यात घ्यायची. एकदाही अलीकडं नाही, एकदाही पलीकडं नाही.

 बाबांचा आवाज गेलेला होता. गर्व वगैरे काही नव्हतं. दोन वर्षं ते बोलावणी परत करत होते ते या कारणानं, आणि गाण्यातल्याच कोणाकडून तरी हे आईला कळलेलं होतं. म्हणून ती आधी गायली. म्हणून तिनं भैरवी म्हटली. रीतच आडवी आली म्हणून बुवा गायले नाहीत, असं लोक म्हणाले असते आणि बुवा मान वर ठेवून बेळगावला परत गेले असते.

शेवटचा मुखडा आला. बाबा उतरत उतरत खालच्या सावर आले, आणि तिथं आई गप्प बसली. तो सा तिनं त्यांना एकट्याला ठेवला. तो मात्र स्वच्छ लागला. मी तंबोरा खाली ठेवला.

पुढचा गदारोळ मला नीटसा आठवत नाही. टाळ्या, वडे, आणि मेजर प्रेमवाल्यांना युद्धवाल्यांच्या गळ्यात घालत होते एवढं आठवतं. आम्ही तिघं आतल्या खोलीत होतो. बाबा खाटेवर बसले होते आणि आई त्यांच्यासाठी आणवलेलं गरम दूध फुंकून गार करत होती. तेवढ्यात मेजर आत आले. मिशा घामानं खाली आल्या होत्या.

“बाहेर विचारतायत,” ते म्हणाले. “जिंकलं कोण? निकाल जाहीर करावा लागेल.”

बाबांनी तोंड उघडलं. आवाज आलाच नाही.

“बुवा जिंकले,” आई म्हणाली. “सांगा सगळ्यांना. बुवांपुढं माझं काही चाललं नाही.”

एक सूर कोणाला न सोडणारी माझी आई. मेजरांनी कडक सलाम ठोकला, बाहेर शिट्टी वाजली आणि दिवाणखान्यातून “बुवांचा विजय असो” असा घोष आला. आईनं उठून दार लावून घेतलं.

बाबा दुधाचा घोट घेऊन कसेबसे कुजबुजले, “शकू, तू भैरवी घेतलीस तेव्हाच मला कळलं होतं.”

“कळलं होतं तर गायला कशाला बसलात?” आई म्हणाली आणि तिला हुंदका फुटला. “डॉक्टरांनी काय सांगितलंय तुम्हाला? एवढ्या लोकांत आवाज फुटला असता म्हणजे?”

बाबांनी माझ्याकडं बोट केलं. “पोरगी तंबोरा खाली ठेवेना.”

मी त्यांच्या पायाशी बसले आणि रडले. त्यांचा हात माझ्या डोक्यावर होता.  मग आईनं पदरानं डोळे पुसले आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाली, “तिला ऐकवायचंच होतं तर घरी यायचं. तिथं खालच्या सुरात गुणगुणलं असतं तरी चाललं असतं.”

“घर कुठाय आता?” बाबांनी विचारलं.

आईनं दुधाचा पेला त्यांच्या हातातून काढून घेतला. “शरू,” ती म्हणाली, “पत्ता सांग ह्यांना.”

मी सांगितला. बाबांना लिहून घ्यायची सवय नव्हती, गुरुजींकडं सगळं ऐकूनच पाठ करायचं. आवाज नव्हता, नुसते ओठ हलवत ते पत्ता पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, आणि गल्लीच्या नावाशी अडखळले तिथं आईनं तो पुढं सांगितला.